दिलीपचं पाऊल न पडलेला रस्ता

हिरामण मढवीची आणि माझी ओळख भांडणातून झाली. १९७६ साली मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या हृदयविभागात मी टायपिस्ट म्हणून लागले. दुसऱ्याच दिवशी रिपोर्टसाठी फिल्मचा नंबर हवा होता, म्हणून एका बंद दाराची कडी खडखडवली. आतून असा काही आवाज आला की मी दोन पावलं मागे सरले.

"कोन हाय ते? पेशंटचं वाटोळं करायचं हाय काय?"

दहा मिनिटांनी दार उघडून एक ठेंगणा, काळासावळा माणूस बाहेर आला. बोटं पिवळट तपकिरी पडलेली, अंगाला औषधाचा उग्र वास. "बाई, या दाराला हात लावायचा नाय," तो म्हणाला. "आत काळजं धुवायला टाकलीत."

मला भयंकर राग आला. त्या संध्याकाळी वाशीच्या बसमध्ये चढले तर हाच माणूस खिडकीशी बसलेला. आम्ही नुकतेच दादरची खोली सोडून वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो होतो आणि तो पिढ्यान्‌पिढ्या कोपरखैरण्याचा. खाडीपूल ओलांडेपर्यंत मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले. मग त्यानेच उठून जागा दिली. इतक्या लांबच्या प्रवासात राग धरून ठेवणं मला काही जमत नाही. पुढे आठ-नऊ वर्षं आम्ही त्याच बसने गेलो-आलो.

हिरामणचं काम काय होतं ते सांगायला हवं. ज्याच्या छातीत दुखतं त्याच्या हृदयाच्या नसा कुठे बंद झाल्यात का, हे बघायला दंडातून किंवा जांघेतून एक लांब बारीक नळी थेट हृदयापर्यंत नेतात. तिच्यातून औषध सोडतात, आणि ते नसांमधून पुढे जात असताना क्ष-किरणांचा कॅमेरा ते टिपतो. त्या काळी हे सगळं सिनेमासारख्या फिल्मवर उतरायचं. ती फिल्म मिट्ट काळोखात, नुसत्या हाताच्या अंदाजाने धुवायचं काम हिरामणचं. त्याला सगळे मढवीमामा म्हणत.

डॉक्टरांच्या आधी ती फिल्म तोच बघायचा. ओली फिल्म वाळत घातली की दिव्यासमोर धरून मान वाकडी करायचा आणि निकाल द्यायचा. तसा त्याला अधिकार नव्हता, आणि तो चुकायचाही नाही. त्याचं बालपण बापाबरोबर मिठागरात गेलं होतं. "आगरात काय बघायचं? भरतीचं पानी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचलं का नाय. हिथं पन तेच," असं तो म्हणायचा. आमच्या डॉक्टर सुनीती त्याला रागवायच्या आणि मग हळूच विचारायच्या, "मामा, आजची कशी वाटते?"

त्याची बायको सगुणा मला पहिल्यांदा भेटली ती गावदेवीच्या जत्रेला. हिरामणने आग्रहाने घरी नेलं होतं. सगुणा उंच, हाडापेराने दणकट, बोलायला फटकळ. माझ्या पानात तांदळाची भाकरी आणि सुकट वाढून ती समोरच बसली, मी खाते की टाकते ते बघायला. मी खाल्लं. "खाते गो ही," ती शेजारणीला म्हणाली आणि त्या दिवसापासून मी तिची 'बाय' झाले. एकुलता एक मुलगा दिलीप तेव्हा अठरा वर्षांचा होता. वेल्डिंग शिकत होता, आईला चिडवत होता, आरशासमोरून हलत नव्हता.

७९ साली दिलीप आखातात गेला. शेतं सरकारने नव्या शहरासाठी घेतली होती, गावातली पोरं मिळेल ती वाट धरत होती. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या थांब्यावरून दुपारी साडेतीनच्या गाडीने तो गेला. दोन पत्रं आली. दुसऱ्यात लिहिलं होतं, ऊन फार आहे, बाकी बरं आहे. त्यानंतर काहीच नाही. हिरामण पाठवणाऱ्या एजंटाला गाठायला गेला तर तिथे कापडाचं दुकान निघालेलं. वकिलातीला मी स्वतः इंग्रजीत सहा पत्रं टाइप केली. एकाचं उत्तर आलं, की चौकशी चालू आहे.

सगुणा रोज दुपारी त्या साडेतीनच्या गाडीच्या वेळेला थांब्यावर जायला लागली, तिच्यातून पोरगा उतरतो का ते बघायला. घरापासून थांबा वीस-पंचवीस मिनिटांवर होता. अर्ध्या वाटेवर नाल्यावरची एक मोरी होती. तिथवर गेलं की तिच्या छातीत दुखायला लागायचं, डाव्या हातात उतरायचं, कधी जबड्याशी धरायचं. ती मोरीच्या कठड्यावर बसायची. जरा वेळाने कमी झालं की पुढे निघायची.

गावाने निदान करून टाकलं. पोराचा ध्यास घेतलाय, म्हणून दुखतं. गावातल्या डॉक्टरने गॅसच्या गोळ्या दिल्या. आणि मी? दिवसाला चार-चार रिपोर्ट टाइप करणारी, 'श्रम केल्यास छातीत वेदना' हे वाक्य ज्या बोटांनी हजारदा उमटवलं तीच बोटं तिच्या पाठीवर फिरवून मी म्हणाले, "मन कशात तरी गुंतवा, सगुणाबाई." आजही आठवलं की माझी मला लाज वाटते.

सगुणाला मात्र वेगळंच वाटत होतं. एकदा तिने मला सांगितलं, "बाय, त्याला तिकडं आठवन येते ना, तवा तो वढतो. म्हनून इकडं दुखतं. मी त्याच्याकडं निघाली की दुखतं आनि बसली की सोडतो. तो हाय गो. नसता तर कोन वढला असता?"

हे सांगताना तिचा चेहरा उजळला होता. पत्र नाही, निरोप नाही, फोटोसुद्धा एकच. मुलाकडून तिला येत होतं ते हे दुखणं, आणि ते रोज, न चुकता येत होतं.

हिरामणलाही ते तसंच वाटायचं. हृदय काय असतं ते विभागात त्याच्याइतकं कोणी पाहिलं नसेल, पण दार लावून काळोखात काम करणारा तो माणूस. फिल्म त्याच्या हातात यायची, ती ज्याची होती तो माणूस कधी यायचा नाही. त्याला कुठे दुखतं, कधी दुखतं, हे त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. ८१ साली डार्करूममध्ये नळाचं काम निघालं आणि आठवडाभर त्याला बाहेर तपासणीच्या खोलीत केसपेपर लावायला बसवलं. पहिल्याच दिवशी डॉक्टर सुनीती समोरच्या म्हाताऱ्याला विचारत होत्या, "चालताना दुखतं ना? थांबलात की थांबतं? डाव्या हातात जातं?" म्हातारा प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत होता. मी टाइपरायटरवरून मान वर केली तर हिरामण केसपेपर हातात धरून तसाच उभा.

"बाई," बसमध्ये तो म्हणाला, "ही डॉक्टरीनबाई सगुनेला कुठं भेटली?"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. त्या दिवशी पूल कधी आला आणि कधी गेला ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

घरी जाऊन त्याने तिला सांगितलं. ती इतकी भडकली की दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ती एवढंच, "माझ्या पोराचं दुखनं हाय. त्याला कोनी हात लावायचा नाय." नळीचं नाव काढलं की ती छातीवर पदर घट्ट ओढून घ्यायची. मी गेले, समजावलं. डॉक्टर सुनीतींनी निरोप धाडला. हिरामणने एकदा शिव्या दिल्या, एकदा पाया पडला. बाई ढिम्म हलली नाही.

पुढल्या वर्षी डॉक्टर सुनीती परदेशातल्या कुठल्याशा परिषदेहून स्लाइड घेऊन आल्या. सगळ्या विभागाला एकत्र बसवून त्यांनी त्या भिंतीवर दाखवल्या. प्रोजेक्टर अर्थातच मामांकडे. एका स्लाइडवर छातीचा आडवा काप घेतल्यासारखं चित्र होतं, आणि मधोमध हृदय, पुसट, फिसकटलेलं.

"हे कशानं काढलं?" हिरामणने काळोखातूनच विचारलं.

"स्कॅनने, मामा. पेशंटने एका गोल मशीनमध्ये निजायचं. हाताच्या शिरेत औषध द्यायचं. आत नळी घालायची गरज नाही."

"नळी नाय?"

"नाही. आपल्याकडे डोक्यासाठी ही मशिनं यायला लागलीत. पण डोकं गप्प राहतं, हृदय कुठे राहतं? एक चित्र घ्यायला मशीनला काही सेकंद लागतात, तेवढ्यात त्याचे चार-पाच ठोके होऊन जातात. म्हणून हे असं हललेलं. ऑपरेशनमध्ये जोडलेल्या नसेतून रक्त वाहतंय की नाही, एवढं तिकडे आता समजायला लागलंय. हृदयाच्या मूळ बारीक नसा दिसायला मात्र अजून दहा वर्षं लागतील, कदाचित वीस."

पुढची स्लाइड लावायला हिरामण विसरला. डॉक्टरांना दोनदा हाक मारावी लागली.

त्या मशीनने त्याला पार झपाटलं. स्वतःची नोकरी ज्याने जाणार, त्याच यंत्राची एवढ्या आतुरतेने वाट बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. दर महिन्याला तो डॉक्टरांच्या दारात उभा राहायचा. "आलं का ते, काळजाचं?" त्या मान हलवायच्या. घरी जाऊन त्याने सगुणेला सगळं रंगवून सांगितलं होतं. टोचायचं नाही, कापायचं नाही, नुसतं निजायचं. "आलं की सांगा, येते," ती म्हणाली होती. तिच्याकडून त्याला मिळालेला तेवढा एकच होकार होता आणि तो त्याने जपून ठेवला. दोन वर्षं त्या दोघांच्या संसारात दोन वाटा बघणं चाललं होतं. ती थांब्यावर मुलाची वाट बघायची आणि हा हॉस्पिटलात मशीनची.

दरम्यान मोरी लांब पडायला लागली. सगुणा आता अलीकडच्या बाभळीशीच बसायची. ८४ च्या जानेवारीत ती अंगणातच बसली. त्या सोमवारी बसमध्ये पूल संपल्यावर हिरामण म्हणाला, "बाई, मशीनची वाट बघून चालनार नाय. तुमच्या बिल्डिंगच्या मागं नवा रस्ता झालाय ना?"

"झालाय. डांबरी. त्याला अजून नावसुद्धा नाही."

"दिलीप गेल्यावर झाला ना?"

"हो, गेल्या पावसाळ्यानंतर."

मग त्याने मला समजावून सांगितलं. सगुणा म्हणते, दिलीपच्या वाटेवर गेलं की दुखतं. तर तिला अशा वाटेवर चालवायचं जिचा दिलीपशी काही संबंध नाही. आठवडाभर तो अशी वाट शोधत होता आणि गावात त्याला ती सापडली नव्हती. खाडीच्या बांधावर दिलीप खेकडे धरायचा. देवळाकडे शाळेत जायचा. तळ्यात पोहायचा. कुठेही जा, पोरगा आधीच जाऊन आलेला. "सगळ्या गावाला त्याचे पाय लागलेत, बाई. तुमचा तेवढा रस्ता कोरा हाय."

त्याने सगुणेला फसवून आणलं नाही, हे मुद्दाम सांगते. सरळ पैज लावली. त्या रस्त्यावर दुखलं नाही तर तो जन्मात हॉस्पिटलचं नाव काढणार नाही. दुखलं तर तिने नळी घालून घ्यायची. सगुणा हसून तयार झाली. तिला खात्रीच होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती दारातून रिक्षाने माझ्याकडे आली, हिरवं लुगडं नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून. वाण घेतलं, तिळगूळ खाल्ला, माझ्या स्वयंपाकघराला दोन नावं ठेवली आणि पदर खोचून उठली. "चला, दाखवा तुमचा रस्ता."

दुपारचे चार वाजले होते. रुंद, काळाभोर रस्ता, दोन्ही बाजूंना भरावाची माती आणि नवेकोरे विजेचे खांब. झाड नाही, घर नाही, माणूस नाही. खाली कधीकाळी कुणाची तरी भाताची खाचरं होती, पण ती सगुणेची नव्हती. ती पुढे, आम्ही दोघं मागे. पहिला खांब गेला, दुसरा गेला. ती मागे वळून हिरामणकडे बघून हसली. तिसरा गेला. मी हिरामणकडे बघितलं. मला वाटलं होतं तो तिच्या पावलांवर नजर ठेवून असेल, पण त्याचे ओठ हलत होते. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाला, "दुखू नको देऊ, म्हनत होतो देवीला. तिचंच खरं होऊ दे. पोरगाच असू दे."

पाचव्या खांबाशी सगुणेची चाल मंदावली. सहाव्याशी तिने खांबाला हात टेकला. डावा हात तिने पोटाशी घेतला होता. आम्ही धावलो, तिला मातीच्या ढिगावर बसवलं. हिरामणने डॉक्टर सुनीतींकडून आणलेली गोळी तिच्या जिभेखाली ठेवली. दोन मिनिटांत तिचा श्वास खाली बसला.

ती त्या ओसाड रस्त्याकडे बघत राहिली. इकडे, मग तिकडे. कुणाला तरी शोधावं तसं.

"हिथं कसा आला गो?" ती मला म्हणाली. "त्याला हा रस्ता म्हाईत नाय."

हिरामणने मान खाली घातली. पैज जिंकलेल्या माणसाचं इतकं उतरलेलं तोंड मी पुन्हा कधी पाहिलं नाही. सगुणा मोठ्याने रडली नाही. तिने केसांतला गजरा काढला, ओटीत ठेवला आणि विचारलं, "म्हंजे इतकी वरसं हे त्याचं नव्हतंच?"

"नाय," हिरामण म्हणाला.

"कदी यायचं तुमच्या हॉस्पिटलात?"

फेब्रुवारीत तिची तपासणी झाली. फिल्म धुवायला दुसऱ्या कुणाला तरी देऊ, असं डॉक्टर सुनीती म्हणाल्या होत्या. हिरामणने ते ऐकलं नाही. दार लावून त्याने ती धुतली, वाळत घातली आणि न बघता बाहेर आला. जन्मात पहिल्यांदा. माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आज डॉक्टरीनबाईंनीच बघू दे."

डाव्या बाजूची मुख्य नस उगमापाशीच जवळजवळ बंद होती. आणखी सहा महिने मशीनची वाट पाहिली असती तर सगुणा गेली असती, हे डॉक्टरांनी आमच्यापासून लपवून ठेवलं नाही. पंधरा दिवसांत ऑपरेशन झालं. पायातली नस काढून हृदयाला जोडली. तो रिपोर्ट मी टाइप केला, आणि एका पानात अकरा चुका केल्या.

सगुणा वाचली. नुसती वाचली नाही, पावसाळ्यानंतर ती पहिल्यासारखी दणादण चालायला लागली. आवाज परत आला, फटकळपणा परत आला. हिरामणला तर स्वर्ग दोन बोटं उरला. विभागात सगळ्यांना पेढे वाटले. मशीनचं विचारणं बंद केलं. बसमध्ये तो पुन्हा खिडकीशी बसून गप्पा मारायला लागला, आणि मला वाटलं, चला, गोष्ट बरी संपली.

८५ च्या मार्चमध्ये मी सहज तिच्याकडे गेले. दुपारची वेळ. घराला कडी. शेजारीण म्हणाली, थांब्यावर गेली असेल. मला धक्काच बसला. मला वाटलं होतं, आता ती जात नसेल. दुखणं त्याचं नव्हतं हे कळल्यावर जाऊन करायचं काय? मी रिक्षा करून गेले. ती थांब्यावर एकटी उभी होती, उन्हात, ताठ.

"बरी आहेस ना?" मी विचारलं. "वाटेत कुठे दुखलं नाही ना?"

"कुठं काय दुखतंय! अर्ध्या घंट्याची वाट मी पंधरा मिन्टांत चालते. दिलीपच्या बापसानं मला घोडी करून ठेवली."

"मग बसत नाहीस कुठे?"

"आता कशाला बसू?" ती म्हणाली आणि रस्त्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागली. "तवा बसत बसत यायची ना बाय, म्हनून उशीर व्हायचा. मी पोचायच्या आदी गाडी निघून गेलेली असायची. रोजची. मी परत जाताना मनाला सांगायची, उतरला असंल, दुसऱ्या वाटेनं घरी गेला असंल. चुकामूक झाली. घर दिसंपर्यंत मला तसंच वाटायचं. दाराशी चपला बघायची."

लांबून गाडी येताना दिसली. सगुणा एक पाऊल पुढे झाली. गाडी थांबली. कारखान्यातली दोन माणसं उतरली, एक मास्तर उतरला, कडेवर लेकरू घेतलेली एक बाई उतरली. सगुणेने एकेकाचं तोंड नीट बघितलं. कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी गेली.

"आता टायमावर पोचते," ती म्हणाली.